पाटलांचा रुमाल

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात दप्तराची, म्हणजे घराण्याच्या जुन्या कागदांची, जागा ठरलेली होती. माजघरातून माळ्यावर जाणारा लाकडी जिना, वर डाव्या हाताला फळी, त्या फळीवर अकरा रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. खारव्याच्या लाल, जाड कापडात मधोमध कागदांची थप्पी ठेवून चारी टोकं आवळून बांधलेलं गाठोडं. आत्या दर दसऱ्याला ते खाली काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, वेखंडाची जुनी पुरचुंडी काढून नवी घालायची, हळदकुंकू वाहायची आणि ज्या क्रमानं उतरवले त्याच क्रमानं परत वर ठेवायची. वाचत कुणीच नसे. मोडी लिपी येणारे घरातले शेवटचे माणूस म्हणजे आजोबा, आणि ते १९७१ साली गेले.

आत्याला प्रत्येक रुमालाचं नाव माहीत होतं. वतनाचा, देण्याघेण्याचा, थोरल्या काकूंचा, कोर्टाचा. चौथ्याला ती "पाटलांचा रुमाल" म्हणायची. आम्ही मुळात वाळवा तालुक्यातले, गावचे कुलकर्णी. तेव्हा पाटलांच्या घराण्याचे कागद त्यात असणार, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. आत्याला कधी विचारलं नाही. ती २०१६ साली गेली.

पुढं माळ्याची कौलं काढायची वेळ आली, म्हणून दादानं पहिले चार रुमाल खाली आणून पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि ती ट्रंक पाच दिवस पाण्यात राहिली. माळ्यावरचे सात रुमाल कोरडे राहिले.

पाणी ओसरल्यावर आम्ही जे केलं ते प्रेमानं केलं आणि त्यातलं निम्मं चुकलं. ओले कागद सुटे करून गच्चीवर उन्हात पसरले. कडक उन्हानं ते वेडेवाकडे आकसले, कडा पापडासारख्या झाल्या. काही मी इस्त्रीखाली घातले. एक शिक्क्याची सनद तर दादा बाजारातल्या एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आला. गरम प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत बसलं की ते काढताना कागद सोलून निघतो, हे आम्हाला नंतर कळलं. ती सनद आजही तशीच प्लास्टिकमध्ये आहे आणि तशीच राहील. खरं म्हणजे ओले कागद सुटेही करायचे नसतात. दोनतीन दिवसांत बुरशी धरते, त्याच्या आत थप्पीच्या थप्पी पिशवीत घालून उणे तापमानाच्या डीप फ्रीजरमध्ये गोठवायची आणि मग सवडीनं थोडी थोडी बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली, टीपकागदात वाळवायची. आईस्क्रीमवाल्याचा फ्रीजरसुद्धा चालतो. त्या आठवड्यात सांगलीत वीजच नव्हती ही गोष्ट वेगळी, पण माहीत असतं तर मिरजेला किंवा कोल्हापूरला कुणाकडे तरी पोचवले असते.

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीचं वर्ष होतं, हाताशी वेळ होता. वाळलेले कागद घेऊन मी माजघरात बसले. मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला, अक्षरं लागू लागली आणि मला विषय दिसू लागले. जमीन, कर्ज, लग्नकार्य, कज्जे, देवस्थान. पाच खोके घेतले आणि चारी रुमालांतले कागद विषयवार वाटले. कोरड्या सातांपैकी दोन रुमालही सोडले. "पाटील" हा शब्द जिथं दिसला ते सगळे कागद एकत्र करून त्यावर चिठ्ठी लावली: पाटलांचा रुमाल. तीन महिने मान मोडून काम केलं. फार समाधान वाटलं होतं.

मग ते सगळं घेऊन आम्ही पुण्यातल्या एका संग्रहालयाच्या अभिलेख विभागात गेलो. तिथल्या बाई माझ्याहून लहान, चाळिशीच्या. त्यांनी खोके पाहिले, माझं अक्षर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, उरलेले पाच अजून बांधलेले आहेत का?"

"आहेत."

"मग त्यांना हात लावू नका. आणि सोडलेल्यांची कापडं टाकली नाहीत ना?"

मला वाटलं होतं त्या आधी विचारतील की सर्वांत जुना कागद कुठला, शिक्का कुणाचा. त्यांना कापडं हवी होती.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते मी बत्तीस वर्षांत मुलांना कधी सांगितलं नव्हतं. अभिलेखागारात कागद विषयवार लावत नाहीत. ते ज्या घराकडून आले, त्या घराचे कागद दुसऱ्या घराच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हा पहिला नियम. आणि त्या घरानं, त्या कचेरीनं ते ज्या क्रमानं ठेवले होते तोच क्रम राखायचा, हा दुसरा. एका पुडक्यात कर्जखताशेजारी लग्नाच्या आहेराची यादी असेल, तर ती चुकून आलेली नसते. कर्ज त्या लग्नासाठी काढलेलं असतं. मी खत एका खोक्यात टाकलं आणि यादी दुसऱ्यात, म्हणजे ती गोष्टच पुसली.

"पण आपल्याकडे तर निवडूनच छापलंय," मी म्हटलं. पेशवे दप्तरातले निवडक कागद इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, ते विषयवारच आहेत, आणि मी त्यांवरच वाढले.

"छापायला निवडावंच लागतं ताई. छापलेल्या पत्राच्या मागंपुढं रुमालात काय होतं ते बघायला माणूस परत दप्तरात येऊ शकतो, कारण रुमाल जाग्यावर आहेत. तुमचे रुमाल सुटले तर कुठं जाणार?" मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलं: कागद हलवायचे नाहीत, यादी हलवायची. यादीत हवे तेवढे विषय पाडा, कागदाला हवे तितके संदर्भ द्या. कागद मात्र आपल्या शेजाऱ्यापाशीच राहतो.

माझे तीन महिने उलटे फिरवायला आठ महिने लागले. महिन्यातून दोनदा पुण्याला जायचे, मधे लॉकडाऊन आला, तेव्हा फोटोंवरून घरी काम केलं. मोडलेला क्रम परत कसा लावतात ते बघण्यासारखं आहे. वाचून नाही लावत. किडीनं थप्पीतून आरपार भोक पाडलेलं असतं. ज्या कागदांची भोकं एकावर एक बसतात ते शेजारी. भोकाचा आकार आणि जागा कागदागणिक थोडी थोडी बदलत जाते, त्यावरून कुणामागं कोण तेही कळतं. घड्यांच्या रेघा जुळतात. पाण्याचा डाग थप्पीत कडेकडून आत सरकताना लहान लहान होत जातो, त्याचा नकाशा लागतो. ज्या पुरानं आमचं दप्तर भिजवलं त्याच्याच डागांनी मला क्रम परत दिला. तरी सगळा नाही. २,३४१ कागदांपैकी २१२ कुठले ते शेवटपर्यंत लागलं नाही. त्यांचा गट वेगळा ठेवलाय आणि वर स्पष्ट लिहिलंय की क्रम २०१९ नंतर घरी मोडला. ते वाक्य मीच लिहिलं. पुढं वाचणाऱ्याला हे कळलंच पाहिजे.

या कामात एक गोष्ट बाईंच्या डोळ्यांत आली. पहिल्या तीन रुमालांच्या कागदांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या, कारण खारव्याचा लाल रंग पाण्यात सुटून आत झिरपला होता. चौथ्या रुमालाचे कागद मात्र नुसते मातकट. गुलाबी ठिपकासुद्धा नाही.

"चौथा कशात बांधला होता?"

मला आठवेना. दादाला फोन लावला, त्यालाही आठवेना. वहिनीनं मागून ऐकलं आणि म्हणाली, "अहो, ते पांढरं धडपं ना? चिखलानं भरलं होतं. मी धुऊन ठेवलंय, टाकवेना. आत्यांच्या हातचं होतं."

पुढच्या खेपेला ते घेऊन गेले. दीडेक हात रुंदीचा, एका बाजूनं फाडलेला सुती तुकडा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. बाईंनी तो मोजला, फोटो काढला, घडी घालून वेगळ्या पाकिटात ठेवला आणि त्याला क्रमांक दिला. चौथ्या रुमालाचे कागद ब्रशनं झटकताना घड्यांतून आणखी काही पडलं. एक शाई टिपायची काळी वाळू. ती सगळ्याच जुन्या कागदांतून पडते. ओल्या अक्षरांवर टाकायचे तिचे कण दोनशे वर्षं घडीत बसून असतात. दुसरी कडब्याची सुकलेली पात, बोटाएवढी. तीही छोट्या पाकिटात गेली. मला त्या वेळी जरा अतीच वाटलं.

साफसफाईचं सांगते, कारण घरोघरी माळ्यावर असे रुमाल असतील. बुरशीचा कागद तोंडाला मास्क लावल्याशिवाय हाताळायचा नाही. मऊ ब्रशनं मधून कडेकडे झटकायचं. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. टाचणीखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती सैल करून काढायची. सेलोटेप कधीच नाही. तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं चिकटवतात, तोही फाटलेल्या जागेपुरता. ती खळ पाण्यानं परत सोडवता येते, म्हणून ती. मोडी कागदांची शाई काजळीची. ती उन्हानं उडत नाही, शतकानुशतकं काळीभोर राहते, पण नुसत्या डिंकावर धरलेली असल्यानं पाण्यात सुटू शकते. म्हणून खळ लावण्याआधी एका अक्षराच्या टोकाला ओला बोळा टेकवून बघायचा. उलट इंग्रजी अमलातले निळ्या-काळ्या शाईचे कागद. त्या शाईतलं लोह आणि आम्ल कागद आतून खातं आणि कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक उरतं. आमचे १८व्या शतकातले हातकागद १९४०च्या गिरणीच्या कागदांपेक्षा कितीतरी धडधाकट निघाले, हे मला आश्चर्यच होतं.

शेवटी प्रत्येक पुडकं आम्लरहित कागदाच्या घडीत आणि रुमालासाठी खारव्याऐवजी खळ धुऊन काढलेला कोरा मांजरपाट. क्रमांक कागदाच्या मागं, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं. पेननं कधीही नाही. जुन्या कापडांचीही यादी झाली.

वाचनाला लागलो तेव्हा कळलं की तारीख हेच अर्धं काम आहे. "छ ११ जिल्काद, सु॥ सबा सबैन मया व अलफ." छ म्हणजे चंद्र, म्हणजे जिल्काद महिन्याची अकरावी. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सु॥ म्हणजे सुहुर सन, त्या काळच्या कागदांतली कालगणना. तेव्हा सुहुर सन ११७७. सुहुर सन मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढं ६००. हा कागद डिसेंबर १७७६ चा. यात काही लढाईबिढाई नाही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिली काही वर्षं सूट दिल्याची नोंद आहे. मला ती सनदेपेक्षा जास्त आवडते. कुणीतरी नावानिशी नांगर धरल्याची ती नोंद आहे.

यादी करताना गावाच्या नावापुढचा पत्ता बदलत जाताना दिसतो. छत्रपती प्रतापसिंहांच्या कारकिर्दीतले कागद साताऱ्याच्या राज्याचे. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं, १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं आणि त्यानंतरच्या कागदांवर इंग्रजी अंमल. १८५२ नंतरच्या पुडक्यात, इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढं दिलेल्या कैफियतींच्या नकला. पणजोबांच्या आजोबांनी जुने कागद दाखवून हक्क शाबीत करायची केलेली धडपड. घराण्यानं दप्तर जपलं ते बहुधा याच भीतीपोटी. १९४९ नंतरच्या पाकिटांवर "जिल्हा दक्षिण सातारा", आणि १९६० नंतर "जिल्हा सांगली". यादीत आम्ही प्रत्येक काळाचा पत्ता त्या काळचाच ठेवला, आजचं नाव वेगळ्या रकान्यात.

दोन गोष्टींवरून घरात वाद झाला आणि ते वाद व्हायला हवे होते. एक, सावकारीची खतं. त्यात गावातल्या माणसांची नावं, गहाण टाकलेली भांडी, शेवटी गेलेली शेतं. त्यांची नातवंडं आज त्याच गावात आहेत. सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकू, असं माझ्या भाच्याचं म्हणणं. मी ठाम नाही म्हटलं. ती खतं जाळायची तर मुळीच नाहीत, आमच्या घराण्यानं काय केलं ते त्यात आहे. पण अभ्यासकानं येऊन, अर्ज करून बघावीत. दानपत्रात तशी अट घातली.

दुसरा वाद दादाचा. त्याला कागद पुण्याला द्यायचे नव्हते. "पारसनीसांचं साताऱ्यातलं संग्रहालय १९३९ मध्ये उचलून पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं, ते परत आलं का?" त्याचं दुःख खरं आहे. पारसनीसांसारखेच जुने कागद जमवणारे इतिहाससंशोधक राजवाडे, त्यांना 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या १८९८च्या पहिल्या खंडाचे कागद सातारा जिल्ह्यातच, वाईत मिळाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धनांचं दप्तर लावलं, छापलं. आपल्या गावचे कागद बघायला आपणच प्रवास करायचा, हे टोचतं. पण आमचं घर पूररेषेत आहे. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. त्या तिसऱ्या पाण्यानंतर दादाच म्हणाला, "दे." मूळ कागद पुण्यात, स्कॅनच्या दोन प्रती आमच्याकडे, त्यातली एक सांगलीबाहेर विट्याला बहिणीकडे.

राहिला चौथा रुमाल. क्रम लागल्यावर त्यात पाटलांच्या घराण्याचा एकही कागद निघाला नाही. आमचीच वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, बायकांच्या स्त्रीधनाच्या याद्या. घरातले सर्वांत नाजूक कागद. मग आत्या त्याला पाटलांचा का म्हणायची? बाई म्हणाल्या, "यादीत आत्यांनी दिलेलं नाव तसंच लिहू. आणि तुम्ही गावी जाऊन या."

२०२१ च्या दिवाळीनंतर मी गावी गेले. आमच्या वाड्याची जागा ओळखीची नाही राहिली. शेजारच्या पाटलांच्या घरात तात्या आहेत, चौऱ्याऐंशीचे. मी कापडाचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरला.

"आमच्या आबांचं मुंडासं हाय ह्ये."

गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आमचा पुढचा सोपा पेटला तेव्हा तात्या अकरा वर्षांचे होते. जमाव बाहेरून आला होता. आबांनी मागच्या दारानं आत जाऊन हाताला लागलं ते दप्तर ओढलं. एका रुमालाच्या कापडाला आग लागलेली, ते टाकून दिलं, डोक्याचं मुंडासं सोडून फाडलं आणि त्यात कागद बांधले. तीन वर्षं ते सगळं पाटलांच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली होतं. १९५१ च्या मे महिन्यात कुलकर्णी वतनं रद्द झाली, आजोबांनी गाव सोडलं, तेव्हा आबा स्वतः बैलगाडीतून दप्तर सांगलीला पोचवून आले. आत्या त्या वेळी एकोणीस वर्षांची. पुढच्या पासष्ट वर्षांत तिनं दहा रुमालांचे खारवे जीर्ण झाले तसे बदलले. ते कापड बदललं नाही.

मी विचारलं, "आबांनी एवढा जीव का धोक्यात घातला?"

"तुमचं घर म्हनून तर हायच. पर दप्तर जळालं तर गावातलं कुनाचं रान कंचं, ह्ये कुनी सांगायचं गं बाई?"

जाताना मी दुसऱ्या रुमालातल्या एका महजराची छापील प्रत नेली होती. हद्दीच्या भांडणाचा निवाडा, खाली गावकऱ्यांच्या निशाण्या. कुणाचा तराजू, कुणाची कुऱ्हाड, आणि सगळ्यांत वर पाटलाचा नांगर. तात्यांनी सुनेला चष्मा आणायला सांगितलं. ती येईपर्यंत थांबले नाहीत. बोटानं चाचपत नांगर शोधला आणि बोट तिथंच ठेवलं.

परत येऊन मी बाईंना फोन केला. रुमाल ४, क्रमांक शून्य, त्यापुढं त्यांनी मी सांगेन तसं टंकून घेतलं: पांढरं सुती कापड, एका बाजूनं फाडलेलं, मूळ वापर मुंडासं, १९४८ पासून दप्तराचं बांधणं. "आणि कडब्याची पात?" त्यांनी विचारलं. तिला क्रमांक आधीच होता. तिच्यापुढं आता गोठा कुणाचा तेही लिहिलं आहे.